नावानिशी शंका : इस्रायलमधल्या बेने इस्रायलांचे विवाहप्रकरण, १९६१ ते १९६४

एखाद्या समाजाने आपल्याला आपले मानले की नाही, हे ओळखायची मराठी माणसाची जुनी खूण आहे: रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार. पंगतीत पान मांडले जाते, सणाला बोलावले जाते, मयताला खांदा दिला जातो आणि सोयरिकीची गोष्ट निघाली की घरात एकदम शांतता पसरते. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या जुन्या ज्यू समाजाच्या, वाट्याला ही शांतता कागदी रूपात आली. तिच्यावर एका देशाच्या सर्वोच्च धर्मपीठाचा शिक्का होता.

हे प्रकरण अभ्यासायला घेण्याचे कारण असे, की त्यात भावना आणि नियम वेगळे काढून पाहता येतात. ‘आपल्याला पुरते आपले मानत नाहीत’ ही तक्रार एरवी हवेत विरते. कोणी काय म्हणाले, कोणत्या सुरात म्हणाले, कोणी पाहून न पाहिल्यासारखे केले, याचा पुरावा राहत नाही. इथे मात्र लेखी सूचना आहेत, तारखा आहेत आणि शेवटी बदललेले शब्दही आहेत.

काय घडले

१८ ऑक्टोबर १९६१ रोजी इस्रायलच्या मुख्य रब्बीमंडळाने (रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू) निर्णय दिला, की बेने इस्रायलांशी विवाह करण्यास मनाई करण्याचे कारण नाही. मंडळावर दोन मुख्य रब्बी असतात, एक सेफार्दी (स्पेन आणि पौर्वात्य देशांच्या परंपरेतल्या) ज्यूंचे आणि एक अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपच्या परंपरेतल्या) ज्यूंचे. सेफार्दी मुख्य रब्बी तेव्हा यित्झाक निस्सीम होते. अश्केनाझी मुख्य रब्बींची जागा १९५९ पासून रिकामी होती. निर्णय स्वागतार्ह होता आणि बेने इस्रायलांनी त्याचा अर्थ सरळ घेतला.

१९६२ च्या सुरुवातीला त्याच मंडळाकडून विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींसाठी सूचना निघाल्या. वधूवरांपैकी एक बेने इस्रायल आणि दुसरा इतर ज्यू समाजातला असेल, तर नोंदणीआधी तपास करायचा. तपास दोन गोष्टींचा. पहिली म्हणजे अर्जदाराची आई, आईची आई, तिची आई, असे जितके मागे जाता येईल तितके जाऊन त्यांच्यात परधर्मीय किंवा धर्मांतरित कोणी होते का ते पाहायचे. दुसरी म्हणजे आईवडील, आजीआजोबा आणि त्यांच्या मागचे यांपैकी कोणाचे लग्न आधीच्या घटस्फोटानंतर झाले होते का, किंवा निषिद्ध मानलेल्या जवळच्या नात्यात झाले होते का, ते शोधायचे. शंका उरली नाही तर लग्न लावायचे. उरली तर प्रकरण बेथ दिनकडे, म्हणजे धर्मन्यायालयाकडे, पाठवायचे.

नोंदणी करणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन जादा प्रश्न होते. अर्जदाराच्या दृष्टीने ऑक्टोबरमध्ये उघडलेले दार चारच महिन्यांत पुन्हा अर्धवट लोटले गेले आणि दारावर त्याच्याच समाजाच्या नावाची पाटी लागली.

यातून सुटका का नव्हती

दुसऱ्या एखाद्या देशात अशा सूचनेचा परिणाम सामाजिक राहिला असता. धर्मगुरू अडवतो म्हटल्यावर जोडपे सरकारी कचेरीत जाऊन सह्या करून आले असते. इस्रायलमध्ये १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट पूर्णपणे रब्बी न्यायालयांच्या अधिकारात दिले. देशात नागरी विवाह नाही. परदेशात जाऊन लग्न करून यायची वाट होती आणि अशा लग्नाची लोकसंख्या नोंदवहीत नोंद करावी लागेल, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ठरवले. पण ती नोंद सरकारी. रब्बींच्या लेखी त्या जोडप्याचे काय आणि उद्या मुलांच्या लग्नात काय, हा प्रश्न तसाच पुढच्या पिढीकडे सरकत होता.

त्याहून बोचणारी विसंगती वेगळीच होती. कोणत्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क देणाऱ्या १९५० च्या परतीच्या कायद्याने हेच लोक ज्यू म्हणून देशात आले होते. नागरिकत्व मिळाले, लष्करी सेवेचे बोलावणे आले, बीर शेवा, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत घरे मिळाली. राज्याने ज्यू म्हणून कामाला लावले आणि बोहोल्यावर चढायच्या वेळी ‘जरा थांबा, तपासू’ म्हटले. ज्या समाजाला पूर्णपणे परके ठरवले जाते त्याला निदान आपली जागा कळते. इथे जागा कळतच नव्हती.

शंका नेमकी कसली होती

हा भाग नीट समजून घेतल्याशिवाय प्रकरण कळत नाही. ‘काळे म्हणून नाकारले’ एवढ्यावर थांबणे सोपे आहे. वर्णाचा दंश होताच, त्याकडे पुढे येऊ. पण रब्बींची भाषा वर्णाची नव्हती, धर्मशास्त्राची होती आणि उत्तरही त्याच भाषेत द्यावे लागत होते.

ज्यू धर्मशास्त्रात विवाहित स्त्रीला नवऱ्याने लेखी घटस्फोटपत्र, म्हणजे ‘गेट’, दिल्याशिवाय ती मोकळी होत नाही. गेट नसताना तिने दुसरे लग्न केले तर त्या संबंधातली संतती ‘मामझेर’ ठरते. मामझेरला सामान्य ज्यूशी लग्न करता येत नाही आणि हे बंधन त्याच्या पुढच्या पिढ्यांनाही लागते. धर्मांतराने किंवा प्रायश्चित्ताने ते सुटत नाही. बेने इस्रायल कोकणात शतकानुशतके इतर ज्यूंपासून तुटून राहिले. त्यांच्यात हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, होते, काजी म्हणवले जाणारे धर्मप्रमुख होते, पण रब्बी नव्हते. मग त्या काळात कोणाचा घटस्फोट झाला असेल तर गेट कोणी लिहिले? ही झाली एक शंका. दुसरी शंका अशी, की इतक्या काळात परधर्मीय बायका घरात आल्याच नसतील कशावरून?

या दोन शंका एकमेकींचे पाय ओढतात. गेटविना झालेला पुनर्विवाह मामझेर निर्माण करतो तो केव्हा? पहिले लग्न ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे वैध आणि दोघे ज्यू असतील तेव्हाच. म्हणजे पूर्वज पक्के ज्यू असतील तरच गेटची शंका उभी राहते. पूर्वज ज्यू नसतील तर मामझेराचा प्रश्न उद्भवतच नाही, धर्मदीक्षेचा विधी पुरतो. एकाच कुटुंबावर दोन्ही शंका घेणे म्हणजे ‘तुम्ही पुरेसे ज्यू नसाल’ आणि ‘तुम्ही नको तितके ज्यू असाल’ असे एका दमात म्हणणे. सावध धर्मगुरू दोन्ही बाजूंनी कुंपण घालतो हे खरे. पण दोन्ही कुंपणांच्या मधे उभ्या माणसाला बाहेर पडायला फट राहत नाही.

बेने इस्रायलांचे उत्तर भक्कम होते. कोकणात त्यांच्यात घटस्फोटाची चाल जवळजवळ नव्हतीच. आजूबाजूच्या वरच्या जातींप्रमाणे विधवाविवाहही त्याज्य मानला जाई. निपुत्रिक विधवेला दिराने मोकळे करण्याचा जो हलित्सा नावाचा विधी आहे, त्याची गरज तिने पुन्हा लग्न केले तरच पडते. ज्या रूढींना आपण एरवी मागास म्हणू, त्याच इथे त्यांच्या बाजूच्या साक्षीदार होत्या.

अडचण पुराव्याच्या जातीत होती. झालेल्या घटस्फोटाचा कागद असतो, न झालेल्याचा कुठून आणणार? हिशेब मांडून पाहा. १९६२ मध्ये पंचवीस वर्षांची असलेली मुलगी १९३७ च्या सुमारास जन्मलेली. तिच्या आईवडिलांचे एक लग्न, आजीआजोबांची दोन, पणजी-पणजोबांची चार. तीनच पिढ्या मागे गेले तरी सात लग्ने. त्यांतली सर्वांत जुनी १८७०-८० च्या आसपास किहीम, झिराड, पेण, रोहे अशा ठिकाणी लागलेली असणार. या सातांपैकी प्रत्येक लग्नाबद्दल ‘याआधी दुसरे नव्हते’ हे सांगणारा जिवंत साक्षीदार किंवा कागद हवा. ‘जितके मागे जाता येईल तितके’ या शब्दांना तर तळच नाही. आणि तिच्या नियोजित नवऱ्याला, तो पोलंडमधला असो की मोरोक्कोतला, यांतले काहीही विचारायचे नव्हते. त्याच्यासाठी नेहमीची पद्धत पुरे होती: आईवडिलांच्या विवाहाचा करार आणि दोन साक्षीदार.

नियम तपासाचा असल्यामुळे कोणालाच नकार दिलेला नाही, असे म्हणता येत होते. पण सात लग्नांची चौकशी म्हणजे मुलीच्या आईला परक्या माणसासमोर बसून आपल्या आजीच्या चारित्र्याची साक्ष द्यावी लागणे. सोयरिकी इतक्या ताणाने सहज मोडतात. तपासाचा निकाल अनुकूल लागला तरी व्याह्यांच्या कानावर ‘यांची चौकशी झाली होती’ एवढे गेलेले असते.

हा उंबरठा नवा नव्हता

इस्रायलमध्ये हे अचानक घडले असे मानणे चूक ठरेल. कोकणात या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते तेलघाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. नवगावजवळ गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची मूळकथा. कथेतच पहिली परीक्षाही आहे. दाविद राहाबी नावाचा ज्यू कोकणात आला, त्याने बायकांपुढे सरमिसळ मासळी ठेवली आणि त्यांनी खवले व पर नसलेली, म्हणजे ज्यूंना निषिद्ध, मासळी बाजूला काढली, तेव्हा त्याची खात्री पटली. आपण कोण हे बाहेरच्याने तपासून सांगायचे, हा धागा समाजाच्या आठवणीत इतका जुना आहे.

मुंबईत १७९६ मध्ये सामुएल दिवेकरांनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, बांधला. १८४६ मध्ये हग्गादा, म्हणजे वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. १९३७ मध्ये डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. शेजाऱ्यांनी त्यांच्या ज्यू असण्यावर आक्षेप घेतला नाही. आक्षेप आला तो एकोणिसाव्या शतकात मुंबईत स्थिरावलेल्या बगदादी ज्यूंकडून. १८३६ मध्ये बगदादी ज्यूंनी सामाईक दफनभूमीत दोन समाजांच्या मधे भिंत घालावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. पुढे रंगूनच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्रायलांना विश्वस्त निवडण्याचा आणि होण्याचा हक्क आहे की नाही, हा वाद उच्च न्यायालयात गेला आणि १९३५ मध्ये निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. म्हणजे १९६२ ची शंका घेणाऱ्यांच्या हाताशी शंभर वर्षांची कुजबुज तयार होती.

एक अवघड गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती टाळली तर अभ्यास अर्धाच राहील. बेने इस्रायलांमध्येही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. बाप बेने इस्रायल आणि आई परजातीची, अशा घरांच्या वंशजांना काळे म्हणत. गोऱ्यांचा त्यांच्याशी बेटीव्यवहार नव्हता आणि रोटीव्यवहारही नव्हता. शंकेची ही पद्धत त्यांना ओळखीची होती, ती आपल्यावर उलटलेली त्यांनी प्रथमच इतक्या उघडपणे पाहिली. यामुळे त्यांची तक्रार खोटी ठरत नाही. प्रत्येक उंबरठ्यावर आणखी आत एक उंबरठा असतो, एवढे मात्र दिसते.

वर्णाचा दंश १९६२ च्या आधीच उघड झाला होता. १९५१-५२ मध्ये बीर शेवाकडच्या भारतीय ज्यूंच्या एका गटाने काम, घर आणि वागणूक यांत रंगावरून भेद होतो, असे सांगत तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सी या ज्यूंच्या स्थलांतराचे काम पाहणाऱ्या संस्थेसमोर ठिय्या दिला. मागणी होती भारतात परत पाठवा. १९५२ मध्ये शंभराहून अधिक लोक खरोखर परत आले. पुढे त्यांतल्या अनेकांनी पुन्हा इस्रायलला जाऊ द्या म्हणून अर्ज केले. याला धरसोड म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या समाजाचे आपण आहोत त्याच्याबाहेर आयुष्य सुखाचे असले तरी ते पुरत नाही, हे त्या परतीच्या अर्जांत दिसते.

लढा कसा चालला

१९६२ पासून १९६४ पर्यंत निवेदने, सभा, मोर्चे चालू राहिले. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्रायल जेरुसलेमला जमले आणि तिथेच ठाण मांडून बसले. संख्येने हा लहान समाज होता, निवडणुकीत वजन नसलेला. तरी तीन गोष्टी त्यांनी बरोबर केल्या, असे आमचे मत आहे.

मागणी एकच ठेवली: सूचना रद्द करा. घरे, नोकऱ्या, वागणूक यांच्या रास्त तक्रारी होत्या, पण त्या या मागणीत कालवल्या नाहीत. कालवल्या असत्या तर सरकारला दोन घरे आणि चार नोकऱ्या देऊन मूळ मुद्दा गुंडाळता आला असता.

सोपी पळवाट त्यांनी घेतली नाही. एखादा शुद्धीविधी करून विषय संपवणे शक्य होते. पण तो केला की आजवर आपण ज्यू नव्हतो हे स्वतःच्या सहीने कबूल केल्यासारखे झाले असते आणि मेलेल्या आजीपणजींनाही त्यात ओढल्यासारखे. १९८० च्या दशकात इथिओपियाहून आलेल्या ज्यूंकडून असाच प्रतीकात्मक विधी मागितला गेला, तेव्हा तेही १९८५ मध्ये जेरुसलेमला ठिय्या देऊन बसले.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रश्न धर्मपीठापुरता ठेवला नाही, राज्याच्या दारात नेला. रब्बीमंडळाला अधिकार कायद्याने दिलेले होते, तेव्हा कायदा करणाऱ्यांनी बोलणे भाग होते.

१७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, खास अधिवेशन बोलावले गेले. लेव्ही एश्कोल पंतप्रधान होते. सरकारची भूमिका नोंदली गेली: भारतातले बेने इस्रायल कोणत्याही अटीशिवाय सर्वार्थाने ज्यू आहेत आणि विवाहासह सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत. रब्बीमंडळाने जनभावना लक्षात घेऊन मार्ग काढावा, अशी अपेक्षाही व्यक्त झाली. ३१ ऑगस्टला मंडळाने सूचनांमधले ‘बेने इस्रायल’ हे शब्द काढले. त्यांच्या जागी, ज्याच्या कौटुंबिक स्थितीबद्दल शंका निर्माण होईल अशा कोणाचीही चौकशी करावी, अशा अर्थाचे शब्द आले.

काय सुटले, काय उरले

या बदलाला अनेक जण ‘फक्त शब्दांची सफाई’ म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. नाव गेल्याने दोन ठोस गोष्टी झाल्या. चौकशी सुरू करायला कारण द्यावे लागू लागले. आधी आडनावातला ‘कर’ आणि जन्मस्थान एवढे कारण पुरेसे होते. आणि नियम कागदावर तरी पोलंडच्या मुलालाही लागू झाला. एखाद्या गटाला नावाने वेगळे काढणारा नियम त्या गटातल्या, अर्जही न केलेल्या प्रत्येक माणसाबद्दल काहीतरी सांगत असतो. लग्न न ठरलेल्या सोळा वर्षांच्या मुलीबद्दलही. ते सांगणे थांबले.

उरले तेही खरे आहे. ‘शंका निर्माण झाल्यास’ या शब्दांत शंका कोणाला यायची, कशावरून यायची, किती पिढ्यांवर थांबायची, यांतले काहीच बांधलेले नव्हते. निर्णय पुन्हा टेबलापलीकडच्या माणसाच्या मनावर गेला. म्हणून १९९७ मध्ये पेताह तिक्वा इथे स्थानिक रब्बीने बेने इस्रायलांची विवाहनोंदणी नाकारल्याचे प्रकरण उभे राहू शकले आणि तेहतीस वर्षांपूर्वी मिटलेल्या प्रश्नासाठी लोकांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले.

दुसऱ्या एखाद्या समाजातले असेच प्रकरण हाताळताना पुढचे प्रश्न क्रमाने विचारावेत, असे या तपशिलांवरून वाटते. स्वीकार जाहीर झाल्यावर अंमलबजावणीचा कागद कोण लिहितो आहे? १९६१ चा निर्णय आणि १९६२ च्या सूचना एकाच मंडळाच्या होत्या, आणि नुकसान दुसऱ्या कागदाने केले. त्या कागदात गटाचे नाव आहे का? मागितलेला पुरावा कोणाकडेही असणे शक्य आहे का, की तो न घडलेल्या गोष्टीचा आहे? तपासाला शेवट आहे का, म्हणजे एकदा उत्तीर्ण झालेल्या घरातल्या धाकट्या भावंडाला पुन्हा तपासतात का? बरोबरच्या माणसाला तोच प्रश्न विचारला जातो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आधीच्या प्रश्नांची उत्तरे कितीही समाधानकारक असोत, त्या माणसाला आपण पाहुणे आहोत असे वाटणे साहजिक आहे आणि त्याला मनाचे खेळ म्हणू नये.

बेने इस्रायलांची दुसरी-तिसरी पिढी आज इस्रायलमध्ये इतर ज्यूंशी सर्रास लग्ने करते. मंगलप्रसंगी एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिदा होतो, पोहे, खोबरे आणि फळांचा, आणि ताटाभोवती जमलेल्यांत मोरोक्कोचे व्याही असतात, पोलंडचे जावई असतात.